तुमच्या मुलाबद्दलचा परिच्छेद

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायचा तर आता मला तुमच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागते. मळवली स्टेशनच्या पलीकडची ती खोली. कामशेतच्या शाळेतून तुम्ही परत येता, पदर खोचता आणि भाकऱ्या थापता थापता मला व्याकरण शिकवता. तुमचा मुलगा तेव्हा अगदी लहान. परातीशेजारी बसून पिठात बोटं फिरवत असतो. एकदा मी निबंधात लिहिलं होतं, ‘वर्गाची काच फुटली’. तुमचा हात थांबला. “काच आपोआप फुटते का रे? कुणी फोडली ते लिही.” कुणी फोडली ते माहीत नाही, असं मी म्हणालो. “मग माहीत नाही असं लिही. नुसतं फुटली म्हणून मोकळा होऊ नकोस.” मला राग आला होता, कारण निबंध चांगला झाला होता. पुढे कायदा शिकायला पुण्याला निघालो तेव्हा तुम्ही तुमचा इंग्रजी शब्दकोश मला देऊन टाकलात. दिल्लीत माझ्या कपाटात तो अजून आहे.

मी दिल्लीत सरकारचा कायदा अधिकारी झालो. आपल्याकडच्या दहशतवादाच्या खटल्यांवर परदेशातल्या मानवी हक्क समित्या आक्षेप घेतात. जामीन मिळत नाही, खटले वर्षानुवर्षं उभे राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं असतं. त्याची उत्तरं आमच्या विभागात तयार होतात. हे काम मला खोटं वाटत नाही. स्फोटात मेलेल्यांच्या घरी मी गेलोय. असे गुन्हे साध्या कायद्यानं हाताळता येत नाहीत, हे मी मानत आलो आणि आजही मानतो. या वेळी समितीनं प्रश्नांबरोबर काही उदाहरणं जोडली होती. त्यात मावळातला एक माणूस होता. शनिवार-रविवारी पाहुण्यांना देतात त्या बंगल्यांची राखण करणारा. त्यानं एका बंगल्याची किल्ली महिनाभरासाठी काही जणांना दिली. ते गेल्यावर पोलिसांना तिथे स्फोटकांचं सामान सापडलं. त्यांनी दिलेली ओळखपत्रं खोटी निघाली. त्याच्यावर कटाचा आणि आसरा दिल्याचा आरोप आहे, आणि तेव्हापासून तो तुरुंगात आहे. पुढचं तुम्हाला सांगायला नको, बाई. तो तुमचा मुलगा.

अटकेचं मला गावाकडून पूर्वीच कळलं होतं. बाई हे बघायला राहिल्या नाहीत ते बरं, असं तेव्हा सगळे म्हणाले, मीही म्हणालो. पण ते नाव आमच्या फायलीत आलं तेव्हा मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, हा माझ्या शिक्षिकेचा मुलगा आहे. साहेब चांगले आहेत. “मग तेवढा भाग दुसऱ्या कुणाला देऊ?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नको, मीच लिहितो. ओळखीचा माणूस जपून लिहील असं काहीतरी तेव्हा माझ्या मनात असावं. मी जपूनच लिहिलं. आरोपीला वकील देण्यात आला आहे, त्याचे जामीन अर्ज ऐकण्यात आले आहेत, खटला कायद्यानुसार चालवण्यात येत आहे. प्रत्येक वाक्य खरं होतं.

उत्तरं द्यायला आम्ही जिनिव्हाला गेलो. मोठं सभागृह, कानाला भाषांतराचं यंत्र, समोर समितीचे सदस्य. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी तुमच्या मुलाचं नाव घेतलं, अडखळत, चुकीच्या जागी जोर देऊन. “याच्याविरुद्ध आजवर एक तरी साक्षीदार तपासला गेला आहे का?” त्यांनी विचारलं. मी परिच्छेद साहेबांपुढे सरकवला आणि साहेबांनी तो वाचला. “म्हणजे नाही,” त्या म्हणाल्या. साहेब म्हणाले, “उत्तर दिलेलं आहे.” मग पुढचा प्रश्न आला. मला आता काहीतरी होईल म्हणून मी वाट पाहत बसलो. काही झालं नाही. दुपारी आम्ही तळ्याकाठी जेवलो, आणि ऊन चांगलं पडलं होतं एवढं मला आठवतं. समितीनं नंतर खटला रखडल्याबद्दल खेद व्यक्त केला. तो आम्ही फेटाळला. तेही पत्रक मीच लिहिलं.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाला गावी गेलो. दुसऱ्या दिवशी तुमची सून आली. लोणावळ्यातल्या एका हॉटेलात ती चादरी धुते; बंगल्यांची कामं आता त्या घराला कुणी देत नाही. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. “भाऊ, तुमाला टीव्हीवर बघितलं,” ती म्हणाली. “सासूबाईंनी शिकवलेलं हायेत, असं हाटेलात समद्यांना सांगितलं मी. तुमी आमच्या मालकांसाठी बोललात न्हवं तितं? आता साक्षी सुरू झाल्यात. वकील म्हनला, लय दिवसांनी कोर्ट हाललं.”

कोर्ट हललं होतं, कारण न्यायाधीशाची रिकामी जागा भरली गेली होती. मी म्हणालो, “तसं काही नाही, वहिनी.”

“तुमी न्हाई सांगनार. सरकारी मानसाला बोलता येत न्हाई, ठाव हाय मला.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “भाऊ, तुमी समदे कागद बघितले असतील. ती मानसं कोन व्हती, ह्ये त्यांना ठाव व्हतं का वो? मी कदी इचारलं न्हाई. भेटीचा येळ पोरीचं सांगन्यातच जातो.”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. तिनं मान हलवली, जणू हेच ऐकायला आली होती. उठताना तिनं पिशवी पुढे केली. तुमच्या वावरातला नवा इंद्रायणी तांदूळ. मी नको म्हणालो, एकदाच. ती म्हणाली, “सासूबाई असत्या तर त्यांनी दिलाच असता.”

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे लिहायला बसतानाच ठरलं होतं. तुम्हाला एवढंच सांगायचं राहिलं. तो तांदूळ मी दिल्लीला आणला. परवा त्याचा भात केला, वरून तूप घेतलं, आणि दोनदा वाढून घेतला. चांगला लागला, बाई.