भुऱ्याची झडप

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
बायकोने, रत्नम्माने, निर्वाणीचा इशारा दिला. भुऱ्या पहाटे साडेपाचला बाहेर जातो, सहाला येऊन दार ओरबाडतो. दोन्ही वेळा तीच उठते. (मी जागा असतो, पण विचारात असतो.) म्हणाली, येळवशीला शेतावर जेवायला जायचंच हाय, कुत्रं तिथंच सालगड्यापाशी, बसवंतकडं सोडून यायचं. आता माझ्यानं होत न्हाई.
येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, १९ ला. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालव्यांची गेटं बसवली. एका कुत्र्याचं गेट म्हणजे किस झाड की पत्ती!
भुऱ्यात माझा जीव वगैरे अडकलेला नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

२ डिसेंबर
संकल्प : दाराला खाली झडप. भुऱ्याला रोज एक तास ट्रेनिंग. रत्नम्माला पहाटे विश्रांती.
कल्पना परदेशी नाही. शिरूर अनंतपाळच्या आमच्या माळवदाच्या घरात धान्याच्या खोलीच्या दाराला खाली भोक होतं. मांजराला उंदरांमागे जाता यावं म्हणून. त्या काळी जमलं, मग लातुरात लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये, तेही तळमजल्यावर, का जमू नये?

४ डिसेंबर
भुजंग सुतार आला. दाराकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, साहेब, सागवान हाय, एकदा कापलं की कापलं. त्याला ड्रॉइंग दिलं. तिन्ही बाजूंचं. त्याने उलटं धरून पाहिलं आणि समजलं म्हणाला.

७ डिसेंबर, रविवार
झडप बसली. चौदा बाय सोळा, रबरी. अप्रतिम. रत्नम्मा उंबऱ्याला हळदकुंकू लावत होती. वर बघून म्हणाली, दाराचं वाटोळं केलं. तिला टेक्निकल गोष्टी पटायला वेळ लागतो.

८ डिसेंबर
पहिली ट्रायल. बाहेर जाणे : यशस्वी. (मागून थोडं ढकललं.) आत येणे : प्रलंबित. भुऱ्या झडपेसमोर बसून राहिला. मी आतून गुडघ्यांवर, हातात बिस्कीट. वीस मिनिटं. शेवटी बिस्कीट मीच खाल्लं.
शेवटी रत्नम्माने दार उघडलं.

१० डिसेंबर. दुपार
वरच्या मजल्यावरचं मांजर झडपेतून आत आलं, दूध पिऊन झडपेतूनच गेलं. म्हणजे डिझाइन निर्दोष आहे. दोष कुत्र्यात.
ट्रेनिंग थंडीमुळे तहकूब.

१३ डिसेंबर
प्रात्यक्षिकाशिवाय जनावर शिकत नाही, म्हणून बाहेरून स्वतः शिरून दाखवलं. डोकं गेलं, एक हात गेला. पुढे झडपेने मला धरून ठेवलं. नेमके तेव्हाच सोसायटीचे चेअरमन अण्णाराव मागे येऊन उभे. विचारलं, गुरुबसप्पा साहेब, हे काय करायलात? मेन दाराला परवानगीशिवाय हात लावल्याची नोटीस होती. माझ्या पाठीमागे उभं राहून त्यांनी ती पूर्ण वाचली. सही आतल्या हाताने करता येत नव्हती.
भुऱ्या शेजारी बसून शांतपणे पाहत होता. लक्ष देऊन, हे महत्त्वाचं.

१६ डिसेंबर
एक निरीक्षण. रत्नम्मा दार उघडून ‘बा’ म्हणाली की हा आत. तिचं माहेर भालकीचं, कानडीत ‘बा’ म्हणजे ‘ये’. मीही झडप उचलून ‘बा’ म्हणालो. उच्चार उत्तम होता. हलला नाही.
तीन दिवस उरले. पुरेसे आहेत.

१९ डिसेंबर, येळवस
शेत. कडब्याची कोप (खोपटं), पूजा, भज्जीची मिसळ भाजी, आंबील. कोपीला दारच नाही, तरी भुऱ्या बाहेर बसलेला. मी म्हणालो, बघा, कुत्रंच मंद आहे. बसवंत म्हणाला, न्हाई मालक, लई हुशार हाय. पिल्लू होतं तवा मी घरी धान्य टाकायला येत हुतो, बघितलंय, त्यानं उंबऱ्यावर पाय ठिवला की तुम्हीच काठी आपटायचा. मालकीण ‘बा’ म्हणल्या तरच आत. त्यानं ते ध्यानात ठिवलं, तुम्ही इसरले.
असं काही झाल्याचं मला आठवत नाही. झालं असेल तर शिस्तीसाठी.
भुऱ्याला तिथेच ठेवलं. जीप निघाली तेव्हा तो बांधापर्यंत आला आणि बांधावर थांबला. कोणी बोलावलं नव्हतं.
रात्री जेवण गेलं नाही. आंबील जास्त झाली होती.

२१ डिसेंबर, रविवार
पहाटे साडेपाचला जाग. झडप उचलून पाहिली. रुटीन तपासणी. मागे वळलो तर रत्नम्मा उभी. तीही झोपली नव्हती. म्हणाली, जावा, घेऊन या. पण दार तुम्ही उघडायचं.

२३ डिसेंबर
काल भुऱ्याला शेतावरून परत आणलं. सुधारित डिझाइन तयार : ओपनिंग पूर्ण उंचीचं, कडी आतून, एक ऑपरेटर. भुजंगला फोनवर समजावलं. तो म्हणाला, साहेब, ह्याला दारच म्हणतेत. मग म्हणाला, खालचं भोक कधी बुजवू?
आज सकाळी सहाला ऑपरेटरने दार उघडलं, बाजूला उभा राहिला, ‘बा’ म्हणाला. भुऱ्याने माझ्या हाताकडे पाहिलं. काठी आहे का ते पाहत असावा. नव्हती. पाच मिनिटांनी एक पाय उंबऱ्यावर ठेवला, काढून घेतला. आतून रत्नम्माने हाक मारली, तेव्हा आला.
उद्याचा अलार्म सव्वापाचचा लावला आहे.