सरासरी रुंदीचं दार

३ फेब्रुवारी, सकाळी ११.२०
माझं आयुष्य बदललं ती वेळ वर लिहिली आहे. सॉफ्टवेअर कंपनीची ट्रेनर ऑफिसात आली, लॅपटॉप काढला आणि मला विचारलं, प्लग कुठे आहे? दाखवला.
मामांच्या कारखान्यात मापाप्रमाणे दारं बनतात. आता ऑर्डर, लाकूड, माणसं, वेळ, सगळं सॉफ्टवेअरवर. इन्चार्ज मी. कॉलेज अर्धवट सोडलं ते बरंच झालं. नाहीतर प्लग दुसऱ्याच कोणी दाखवला असता.

४ फेब्रुवारी
संकल्प : चिडायचं नाही. तिच्याशी फक्त कामाचं बोलायचं.
दुपारी मिस्त्रींवर चिडलो. प्रत्येक दाराला किती तास लागतात ते सांगा म्हटलं, तर म्हणे दार बघून सांगतो. मी टेबलावर हात आपटला. ते म्हणाले, भाचेसाहेब, आवाज रंध्याच्या वर नको. ती हसली. बहुतेक माझ्या बाजूने.

६ फेब्रुवारी
मामांची अट : एक दार पूर्ण सॉफ्टवेअरवर बनवायचं. २८ तारखेला चौकटीत बसलं तर ट्रेनर वर्षभर दर बुधवारी येईल. नाही बसलं तर सॉफ्टवेअरही बंद आणि येणंही बंद.
म्हणजे बावन्न बुधवार. दार बसणारच.

१० फेब्रुवारी
सॉफ्टवेअरला प्रत्येक मालाचा कोड लागतो. आमच्याकडे एकासारखं दुसरं दार नाही. २१४ जुन्या दारांना २१४ कोड दिले. बोटं दुखतात.
तिने विचारलं, यातलं एखादं दार परत बनणार आहे का? नाही म्हटलं. मग कोड कशाला? म्हटलं, शिस्त. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. नजर नोंदवून ठेवतो.

१३ फेब्रुवारी
ती दोन दिवस आली नाही. हेल्पडेस्कवर नऊ तक्रारी टाकल्या. शेवटची : स्क्रीन फार पांढरी दिसते.
फोनवरच मिटवल्या तिने.

१७ फेब्रुवारी
दातांच्या डॉक्टरीणबाईंची ऑर्डर. हेच ते दार. इमारत जुनी, चौकट तिरकी. मिस्त्रींनी त्यांची मापाची काठी चौकटीत तीनदा आडवी धरली आणि पेन्सिलीने तीन खुणा केल्या. वर ९२, मध्ये ९०, खाली ८८ सेंटीमीटर. सॉफ्टवेअरमध्ये रुंदीचा रकाना एकच.
तिला फोन केला. ती म्हणाली, शेऱ्यात तिन्ही मापं लिहा आणि मिस्त्रींना विचारा. विचारायला मी काय पहिलीत आहे?
सरासरी काढली. ९०. तिन्ही बाजूंना न्याय.

१८ फेब्रुवारी
मिस्त्री म्हणाले, सरासरी मापाची चप्पल घालून एकदा बाजारात जाऊन या. मी काठी कपाटामागे टाकली. आता फक्त प्रिंटआउट.
चिडलो नव्हतो.

२८ फेब्रुवारी
दार खाली अडकलं. वर दोन सेंटीमीटर उजेड. मी खांदा लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशंटचं ओरडणं आत राहावं एवढीच माझी अपेक्षा होती. मिस्त्रींनी वरच्या फटीत बोट घालून पाहिलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

१ मार्च
ती आली. निळा ड्रेस. मामांना म्हणाली, एकच वस्तू हजारदा बनवणाऱ्यांना हे छान आहे. तुमची प्रत्येक ऑर्डर नवी. एका पानाचा फॉर्म करा, त्यात रुंदीचे तीन रकाने ठेवा, आणि काठी सांभाळा. मामा म्हणाले, हे मिस्त्री वीस वर्षं सांगताहेत.
तोवर साठलेल्या माझ्या एक्केचाळीस तक्रारी तिने एका क्लिकमध्ये बंद केल्या. मिस्त्रींना विचारलं, आमच्या घरचं दार कराल का? मग माझ्याकडे वळली. म्हणाली, दादा, तेवढा प्लग काढता?
काढला.

३ मार्च
डॉक्टरीणबाईंना मिस्त्री दुसरं दार करून देणार आहेत. हे त्यांनी खाली रंधलं, वर पट्टी मारली आणि आमच्याच ऑफिसच्या तिरक्या चौकटीत बसवलं. इतके दिवस तिथे पडदा होता.
मामांनी सांगितलंय, आजपासून मिस्त्रींबरोबर मापाला जायचं, काठीचं दुसरं टोक धरायचं. पहिलं माप तिच्याच घरचं. ठरवलं होतं, जाणार नाही. स्वाभिमान आहे.
मिस्त्रींनी बाहेरून दोनदा हाक मारली.
कपाटामागून काठी काढली, पुसली. बाहेर पडलो, दार ओढलं. खाली जरा घासतं. चौकटीला पाय लावून ओढलं तेव्हा लागलं.

(हे पायरीवर बसून लिहिलं. वही आत ठेवायला दार परत उघडवत नाही.)