उलटा काटा

बाबा, तुमच्या जीपला मी डिझेलचा नवा काटा बसवला आणि आईने गाडीत बसणंच सोडलं. जुना काटा तुम्ही होतात तेव्हापासूनच बंद. तुम्ही टाकीत बांबूची कमची बुडवायचात. तिच्यावर लिटर नव्हते, गावं होती: ही खाच आष्टीपर्यंत, ही चंद्रपूरपर्यंत. आता आईला चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यावं लागतं, म्हटलं कमचीवर किती दिवस काढायचे? टाकी अर्धी होती, नव्या काट्यानेही अर्धी दाखवली. मी खूश. आलापल्ली सोडल्यावर काटा हळूहळू वर सरकू लागला. डिझेल जळतंय आणि काटा चढतोय, तरी मी रस्त्याच्या चढाला दोष दिला, एवढी शहाणी तुमची लेक. आष्टीच्या अलीकडे जंगलातल्या वळणावर गाडी बंद पडली, तेव्हा तो टाकी भरल्याचं सांगत होता. आई दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. एका मोटारसायकलवाल्याने डिझेल आणून दिलं, पण तोवर डॉक्टरांची वेळ टळली होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुह्या बाबाची गाडी कधी अशी थांबली नाई. मी आता तुह्यासंग येत नाई."

तेव्हापासून मला चैन नाही. दवाखाना चुकवून कसं चालेल? मिस्त्री म्हणाला, डिझेलवर तरंगून काट्याला पातळी कळवणारा टाकीतला तरंगाच बदला. पण नव्या तरंग्याचा दांडा आपल्या टाकीच्या तळाला पोचेना. मग तुमचाच जुना तरंगा बाहेर काढला, तारेला मीटर लावलं आणि तरंगा हाताने खाली-वर करून पाहिला. तरंगा वर नेला, म्हणजे टाकी भरली, की मीटरवरचा आकडा वाढतो, आणि मी आणलेल्या काट्याला तो कमी व्हायला हवा होता. शेवटी तुमच्या तरंग्याला जुळणारा काटा शोधून बसवला. आता तो खरं सांगतो.

तरी काल आईसमोर कमची बुडवून दाखवली, तेव्हाच ती बसली. वाटेत पुन्हा तेच, तुमची गाडी कधी थांबली नाही. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याच वळणावर, मी शाळेत होते तेव्हा, तुमचीही गाडी डिझेल संपून थांबली होती; तुम्ही कमची घरी विसरला होतात. आपण आष्टीपर्यंत पायी गेलो होतो, आणि मला भजी घेऊन देताना तुम्ही म्हणालात, "आईले सांगू नको."

नाही सांगितलं. पण तुमचा राग आला बाबा, अजून आहे. हा कागद सीटखाली कमचीजवळ ठेवावासा वाटतो, पण आई तिथे हात घालते. सकाळी चुलीत टाकीन.