माझं कार्ड तेवढं स्वच्छ

१२ जानेवारी, रविवार
संकल्प केला. ९ फेब्रुवारीला रूपा एकटी पाचोडला जाणार, आईकडं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. सहा वर्षांत पहिल्यांदाच. तोवर संस्कृतीला दिवसभर एकट्यानं सांभाळण्याइतका मी तयार झालेला असेन. पंधरा वर्षं नववीच्या वर्गाला संस्कृत शिकवलं, आता बारा वर्षं वार्ताहर म्हणून पुढाऱ्यांना झेलतोय. नऊ वर्षांची एक मुलगी, तीही स्वतःची. त्यात काय.

तयारीसाठी चार रविवार आहेत. मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या हॉलमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांचे आईवडील चार ते सहा जमतात. द्वारकाबाई चालवतात, निवृत्त अंगणवाडी सुपरवायझर. नियम दोनच. वडलांनी मुलांजवळ बसायचं, आयांनी शेजारच्या खोलीत निवांत चहा प्यायचा. आणि कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. दुसरा नियम अंमळ जाचक आहे.

आज जाता आलं नाही. संकल्प पक्का करण्यातच पाच वाजले.

१५ जानेवारी, बुधवार
स्वयंपाकघरातल्या फळ्याचं निरीक्षण केलं. दिवसाचा सगळा क्रम रूपा त्यावर कार्डांनी लावते. पुठ्ठ्याचा तुकडा, वर फोटो, मागं व्हेल्क्रो. दात, आंघोळ, पोळी, शाळा, झोका. एकेक गोष्ट झाली की संस्कृती ते कार्ड काढून खालच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकते. डब्यावर रूपानं लिहिलंय 'झालं'.

कार्डांची दशा बघवत नाही. पोळीला हळद लागलीय, झोक्याचा कोपरा चावलेला, आंघोळीचा फोटो फुगलाय. एकच कार्ड नव्यासारखं आहे, 'बाबा'. माझा फोटो किती जपून ठेवलाय. बरं वाटलं.

१९ जानेवारी, रविवार
गेलो! पंचवीस मिनिटं पूर्ण बसलो.

धम्मपाल म्हणून एक रिक्षावाले आहेत, मुलगा सम्यक, अकरा वर्षांचा. दोघं बाटल्यांची झाकणं रांगेत लावत होते. सगळा वेळ तेच. एक शब्द नाही. मी विचारलं, यातून साध्य काय होतं? म्हणाले, 'काय नाय सर. त्यो लावतो, मी लावतो.'

गटाला घटना नाही, नाव नाही, लेटरहेड नाही हे लक्षात आणून दिलं. मसुद्याची जबाबदारी स्वतःहून घेतली. द्वारकाबाई म्हणाल्या, 'नाव कशाला सर, ऐतवार म्हनलं की समदे येत्यात.' तरीही मी घेतली.

पाचला ऑफिसचा फोन येण्याची शक्यता असल्यामुळं निघालो.

२६ जानेवारी, रविवार
फुलंब्रीला झेंडावंदनाची बातमी. गटाला जाता आलं नाही.

झेंडावंदन सकाळीच उरकलं. गट चारला. मधल्या सहा-सात तासांबद्दल रूपानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.

२ फेब्रुवारी, रविवार
गटाच्या घटनेच्या कलम सातवर अडलो, तेवढ्यात सहा वाजले. 'पालक' शब्दाची व्याख्या वाटते तितकी सोपी नाही.

संध्याकाळी रूपा कणीक मळत होती तेव्हा सहज विचारलं, माझं कार्ड फळ्यावर कधी दिसत नाही ते? ती वर न बघता म्हणाली, 'पहिल्या वर्षी लावायची की. तुम्ही सहाला येतो म्हणलात की लावायची. ती दारात बसायची, तुम्ही येईपर्यंत. नऊ-साडेनऊ. मग मनगट चावायला लागली. मग मी लावणं सोडलं. कार्ड लावलं की माणूस आला पाहिजे, अहो.'

हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असावं.

जेवण गेलं नाही. काहीतरी भरीव केलं पाहिजे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
भरीव काम झालं. गुलमंडीवरून नवीन कार्डं करून आणली. चौदा. रंगीत, लॅमिनेटेड, कोपरे गोल. खाली शुद्ध अक्षरांत दन्तधावनम्, स्नानम्, दोला. माझ्यावर जनकः. दुकानदारानं विचारलं, मुलीला वाचता येतं का? म्हटलं, येईल.

रूपाला सांगितलं नाही. पाचोडहून दमून येईल आणि बघेल तर सगळा फळा झळझळीत.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ६.३०. रूपा गेली. निळी साडी. दारात दोनदा परत आली. सूचनांचा कागद दिलाय, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. नंतर वाचतो.

७.००. नवी कार्डं लावली. जुनी घंटागाडीत टाकली. माझं जुनं तेवढं ठेवलं, चांगल्या स्थितीत होतं म्हणून.

७.२०. संस्कृती उठली. फळ्यासमोर उभी आहे. बघतेय. आवडलेलं दिसतं.

७.३०. ओट्याखाली शोधतेय. डबा उलटा केला. दन्तधावनम् दाखवलं, तिनं फेकलं.

(पुढचं दुपारी लिहितोय.)

ती भिंतीवर डोकं आपटायला लागली. मी धरलं, मला चावली, मग स्वतःला. मी मोठ्यानं बोलत होतो, काय ते आठवत नाही. कागद सापडला. पहिलीच ओळ: 'जास्त बोलू नका.' धम्मपालांना फोन केला.

ते वीस मिनिटांत आले, सम्यकला घेऊन. काही विचारलं नाही. पंखा बंद केला, पडदा ओढला, तिच्या अंगावर गोधडी टाकली आणि लांब जाऊन जमिनीवर बसले. सम्यकनं खिशातून झाकणं काढली.

मग हळूच म्हणाले, 'सर, जुने कारडं कुठं हायेत?' सांगितलं. सम्यकच्या रांगेत एक झाकण लावून म्हणाले, 'तिला नुस्त्या फोटूवरनं कळत नसन, सर. डागावरनं कळत असन. चावलेल्या कोपऱ्यावरनं. आमच्या सम्याच्या पोळीच्या कारडाला तर तुपाचा वास येतो. त्यो आधी वास घेतो, मंग जेवतो.' मग माझ्याकडं न बघता म्हणाले, 'रोज हाताळलेलं मळतंच की.'

पावणेनऊला रूपाचा फोन. बस निम्म्या वाटेवर, आडूळला थांबली होती. मी म्हटलं, सगळं उत्तम. माझ्यामागून संस्कृतीचा आवाज गेला. रूपा म्हणाली, 'उतरते.'

सव्वादहाला घरी. निळी साडी तशीच, ती जमिनीवर संस्कृतीजवळ आडवी झाली. दोघींना झोप लागली.

सहा वर्षांत ती आडूळपर्यंत पोचली.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी द्वारकाबाई आणि गटातल्या चौघी आल्या. बिस्किटांचे पुठ्ठे घेऊन. स्वयंपाकघरात बसून नऊ कार्डं कापली. फोटो रूपाच्या मोबाईलमध्ये होते. मग रूपानं आठवून आठवून एकेकावर डाग पाडले. पोळीवर हळद, डाव्या बाजूला. आंघोळ पाण्यात बुडवून वाळवली. तीन दिवस झाले, संस्कृतीनं नीट खाल्लेलं नाही, आणि ह्या बायका चेष्टा करत होत्या. एक म्हणाली, 'माझ्या मालकानं तर बोर्डच काढून टीव्ही लावला होता, रूपाताई. तुमचे मालक बरे म्हणायचे.'

झोक्याचा कोपरा मी चावू का, असं मी दारातून विचारलं. कुणी हसलं नाही. मग द्वारकाबाई हसल्या. 'चावा, सर. हळू चावा.' चावला.

संस्कृतीनं नवातली तीन स्वीकारली. झोका त्यात आहे. ही नोंद महत्त्वाची.

माझ्या कार्डाचं काय, असं विचारलं. रूपा म्हणाली, 'ते आहे की तुमच्याकडं. स्वच्छ.'

पाचोडचं नाव ती काढत नाही. मीही काढत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ९. आज माझं कार्ड फळ्यावर लावायचं असं ठरवलं. साडेतीनला मी घरी येणार आणि संस्कृतीला मीच मुकुंदवाडीला नेणार. रूपा म्हणाली, 'नक्की लावू?' म्हटलं, नक्की. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

ती आंघोळीला गेल्यावर माझ्या कार्डावर बोटानं थोडी हळद लावली, तेलात कालवून. जरा वापरातलं दिसावं म्हणून.

दुपारी ४.१०. घटनेच्या वीस प्रती काढायच्या होत्या. आज वाटायला. दुकानात फार वेळ लागला. मशीनचा दोष.

घरात कुणी नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, धम्मपालांची रिक्षा आली होती, दोघी गेल्या. मुलगी रडली का, विचारलं. नाही म्हणाल्या. दारात थोडा वेळ बसली होती, मग आपली आपण उठून आत गेली.

फळ्यावर माझी जागा रिकामी आहे. कार्ड श्रीखंडाच्या डब्यात मिळालं. सरळ ठेवलेलं, फोटो वर.

रिक्षानं वीस मिनिटांचा रस्ता. अजून दीड तास आहे. एवढं लिहून निघतोच.

५.२०. डाग पुसून पाहिला. निघत नाही.