सूप ६१ अंश, सी-चौदा उद्धट

९ जानेवारी, गुरुवार
आठ महिने पोलिसांची चारित्र्य-पडताळणी, चार दिवस प्रशिक्षण, आणि आज अखेर पत्र आलं. हॅलोबी तुरुंगाच्या स्वतंत्र निरीक्षक मंडळावर नेमणूक! पगार नाही. पण कुठल्याही कोठडीपाशी जाऊन कैद्याशी बोलायचा हक्क आहे, आणि जेलरच्या बापालाही मला अडवता येणार नाही. चौतीस वर्षं कौन्सिलमध्ये इमारत तपासनीस होतो. या गावातलं एक गटार मी सोडलेलं नाही. तुरुंग काय मोठा लागून गेलाय?
संकल्प: १. कुणाची भीडभाड नाही. २. कैद्यांचं शांतपणे ऐकून घेणे. (प्रशिक्षणात यावर फार भर होता.) ३. चहात साखर बंद.
मॉरीनला सांगितलं. म्हणाली, ऐकून घ्यायची सुरुवात घरापासून केलीस तरी चालेल. बायकोला कौतुक म्हणून नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
पहिली फेरी. पट्ट्याला साखळी, साखळीला किल्ल्या. रुबाबच वेगळा.
थर्मामीटर, टेप, वही सोबत. सी विभाग. सूप ६१ अंश. खिडकीची फट ४ मिलिमीटर. रेडिएटर कोमट. तुरुंगाच्या अधिकारी मिस टॅनर म्हणाल्या, आजवर सूपात थर्मामीटर कुणी घातला नव्हता. मी म्हटलं, आता सवय करा.
सी-चौदा: डेस्मंड प्रुएट, वय एकाहत्तर. तीनदा टकटक केली, नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. गृहस्थ पाठ करून खिडकीकडे बघत बसलेला. ढिम्म हलला नाही!
रिपोर्टात शेरा: 'उद्धट. संवादाची इच्छा नाही.' नेमका नि थोडक्यात.

२३ जानेवारी, गुरुवार
प्रत्येक विभागात आमच्या मंडळाची पिवळी पेटी असते. कैद्याने चिठ्ठी टाकायची; पेटीची किल्ली फक्त आमच्याकडे. मागच्या वेळी रेडिएटरच्या नादात उघडायची राहिली. आज उघडली. एकच चिठ्ठी, आठवी तारीख घातलेली: 'बॅटरी संपलीय. दोनदा अर्ज केला. प्रुएट, सी-१४.'
म्हणजे माझ्याशी बोलायला वेळ नाही, रेडिओला मात्र बॅटरी हवी. लेखी उत्तर दिलं: करमणुकीची साधने मंडळाच्या कक्षेत येत नाहीत, तुरुंगाच्या दुकानाचा फॉर्म भरावा. सात दिवसांची मुदत असते, मी चाळीस मिनिटांत निकाल लावला.
साखर: अर्धा चमचा. थंडी फार आहे.

३० जानेवारी, गुरुवार
प्रुएटला शिक्षा झाली. हजेरीला नाव पुकारलं तर बाहेर येत नाही, असं तीन वेळा झालं. टीव्ही काढून घेतला. दाराच्या झडपेतून मी त्याला शिस्तीवर चार शब्द सुनावले. उत्तर नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. बेमुर्वतपणाची कमाल!
जेवणाच्या रांगेत शेजारच्या कोठडीतला कॉलम नावाचा कैदी मध्ये आला. म्हणाला, साहेब, त्या म्हाताऱ्याचं जरा बघा हो. मी म्हटलं, लिहून पेटीत टाक. म्हणाला, मला लिहिता येत नाही. मग दुसऱ्याकडून लिहून घे. म्हणाला, सगळ्यांच्या चिठ्ठ्या प्रुएटच लिहून द्यायचा. ही असली गोलगोल उत्तरं. पद्धत म्हणजे पद्धत.
सूप ५८. कडक शब्दांत नोंद.

६ फेब्रुवारी, गुरुवार
प्रुएटचा अर्ज आहे म्हणे, खुल्या तुरुंगात बदलीचा. बायको डोरीन, गुडघ्यांनी अधू. तो तुरुंग तिच्या घरापासून बसने दहा मिनिटांवर, इथे यायला तीन बस. वर्षभरात एकदाही आलेली नाही. पुढल्या आठवड्यात समिती बसणार. वाईट वाटलं. पण वागणूक नको का माणसाला? शेरा कायम ठेवला.
दु. ४. घरी चहाला बसलो तर फोन. तुरुंगाच्या किल्ल्या माझ्या पट्ट्याला! त्या गेटवर परत जाईपर्यंत अख्खा तुरुंग बंद ठेवतात. साडेचारशे माणसांचं जेवण अडलं. गेटवर सगळे माझ्या पट्ट्याकडे बघत होते. साखळी जास्त लांब आहे, असं सुचवणार आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
समितीचा निकाल. बदली नामंजूर, फेरविचार एका वर्षाने. आणि कारणांत काय लिहावं? 'स्वतंत्र निरीक्षकांनीही कैदी उद्धट असल्याचे व संवादाची इच्छा नसल्याचे नोंदवले आहे.' माझं वाक्य, जसंच्या तसं! चौतीस वर्षांत कौन्सिलने माझं एक वाक्य कधी उचललं नाही.
रात्री जेवताना मॉरीनला सगळं वाचून दाखवलं, चिठ्ठीसुद्धा. तिने काटा खाली ठेवला. विचारलं, कसली बॅटरी? मी म्हटलं, रेडिओची, आणखी कसली. म्हणाली, हे त्याने लिहिलंय का तू ठरवलंस? मग म्हणाली, माझ्या बाबांचं कानातलं यंत्र बंद पडलं की तेही असेच भिंतीकडे तोंड करून बसायचे. तू त्यांनाही उद्धटच म्हणायचास.
ताटातलं जेवण गार झालं. खाववलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
ड्यूटी नव्हती, तरी गेलो. केमिस्टकडून कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्या घेतल्या. गेटवर झडतीत सापडल्या, जप्त झाल्या, माझ्यावर लेखी ठपका. मिस टॅनरना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. दवाखान्यातून दहा मिनिटांत बॅटऱ्या आणल्या. मी म्हटलं, हे आधीच का नाही केलं? म्हणाल्या, आमचं चुकलंच. त्याचे अर्ज कुठे गेले देव जाणे. पण तुमच्या पेटीतली चिठ्ठी आम्हाला बघता येत नाही.
सहा आठवडे त्याला डोरीनचा फोन ऐकू आला नाही. ती समजते, हा मुद्दाम बोलत नाही. हेही मिस टॅनर म्हणाल्या. विचारलं नव्हतं मी.

१७ फेब्रुवारी, सोमवार
शेरा मागे घ्यायला गेलो. ऑफिसातले गृहस्थ फार अदबीने बोलले. म्हणाले, निकाल लागलाय, आणि तुमच्या शेऱ्याला आम्ही हात लावू शकत नाही साहेब, तुम्ही स्वतंत्र आहात. नवं पत्र द्या, फाइलला लावतो, पुढच्या वर्षी समितीपुढे ठेवू. मंडळाच्या अध्यक्षबाई हिल्डा प्लँट यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाल्या, पत्र दोघांच्या सहीने पाठवू, दाद लागेल असं वाटत नाही. आणि त्याची माफी मागितलीस का नॉर्मन?
डोरीनला मी स्वतः पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचवं प्लँटबाईंना दाखवून पोस्टात टाकलं.
संकल्प: गुरुवारी माफी मागणे. मुद्दे काढले आहेत, एकूण सात.

२० फेब्रुवारी, गुरुवार
थर्मामीटर घरी ठेवला. पेटी आधी उघडली. रिकामी होती. कॉलम रांगेत होता, त्याने मान फिरवली.
सी-चौदा. प्रुएट खिडकीकडे तोंड करून बसलेला. कानामागे यंत्र दिसत होतं. बाहेर कुणाची तरी किल्ली पडली, तेव्हा त्याने दचकून मान वळवली, म्हणजे यंत्र चालू होतं.
तीनदा टकटक केली. नाव सांगितलं. हुद्दा नाही सांगितला. सातही मुद्दे बोललो. तो पाठ करून बसून राहिला.
रिपोर्टात सी-चौदापुढची जागा कोरी ठेवली.