लिंबटेक रोडचे फिरते टेबल आणि पश्चिमेचा खड्डा

प्रति,
मा. सहायक अभियंता (रेल्वेमार्ग),
लिंबटेक उपविभाग कार्यालय,
लिंबटेक रोड, जि. सांगली.

विषय : लिंबटेक रोड स्थानकाच्या पूर्वेकडील मुरूम भराव आठ दिवस थांबवून त्याखालील इंजिन फिरवण्याचे टेबल उघडून पाहण्याबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. २७ ऑक्टोबर, ३ नोव्हेंबर व १० नोव्हेंबर २०२५ चे अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. १२ नोव्हेंबर २०२५ चे उत्तर.
३) त्या उत्तरासोबत जोडलेले दि. १२ मार्च १९९५ चे वृत्तपत्रीय कात्रण.

महोदय,

१. अर्जदार धैर्यशील बाबूराव निकम, वय ६८, राहणार तासगाव, हा एका जिल्हा दैनिकाचा निवृत्त वार्ताहर असून सातारा-सांगली रेल्वे छंद मंडळाचा सचिव आहे. मंडळाचे सभासद एकोणीस. जुनी इंजिने, रुळांची रचना आणि लहान आकारातल्या चालत्या गाड्या हा त्यांचा रविवारचा उद्योग. आधीचे तीन अर्ज मंडळाच्या वतीने होते. हा अर्जदाराचा स्वतःचा आहे. आधीच्या अर्जांत त्याने एक गोष्ट लिहायची टाळली होती. ती परिच्छेद ५ मध्ये आहे.

२. प्रथम तातडी. भराव सोमवारी दि. २४ रोजी सुरू होईल असे आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात टिपर सोमवार दि. १७ पासूनच मुरूम ओतत आहेत. अर्जदार रोज सायंकाळी टेपने अंतर मोजतो. मुरुमाची कड सोमवारी टेबलापासून एकशे चाळीस फूट होती, मंगळवारी शंभर, आज बुधवारी साठ. हाच वेग राहिला तर शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधी टेबल झाकले जाईल. त्यावर काँक्रीटचा मालधक्का होणार असल्याने त्यानंतर या अर्जाला काही अर्थ राहणार नाही.

ठेकेदाराचे पर्यवेक्षक श्री. शंभूराज हे मनाने चांगले आहेत. ते म्हणाले, "काका, मला कागद आणा. कागद आला की मी हितंच चा पीत बसतो. न्हाई आला तर टिपर थांबत न्हाई, तुमी आडवं पडला तरी." अर्जदार आडवा पडणार नाही. त्याला कागद हवा आहे.

३. टेबल म्हणजे काय, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. मात्र हा अर्ज ज्या टेबलांवरून जाईल तिथल्यांसाठी दोन ओळी. अडीच फुटी रुळांवरची छोटी रेल्वे या स्थानकावरून धावत होती तेव्हा येथे मुक्कामी गाडीचे वाफेचे इंजिन उलटे करावे लागे. त्यासाठी गोल खड्ड्यात, मधल्या खुंटावर तोललेला रुळांचा तुकडा बसवलेला होता. त्यावर इंजिन नेमके मध्यावर उभे केले की दोन माणसे खांदा लावून ते सबंध इंजिन फिरवीत. मध्यापासून वीतभर इकडे तिकडे झाले तर दहा माणसांना हलत नसे. डिझेल इंजिने आल्यावर टेबल बंद पडले. खड्ड्यात गुरे पडू लागली म्हणून १९८८ च्या सुमारास तोंडी आदेशावरून ते इंजिनाच्या राखेने बुजवण्यात आले आणि वर जुन्या लाकडी स्लीपरांची थप्पी रचली गेली. हे काम गँग मुकादम श्री. आप्पासाहेब सिद्धू खरात यांच्या गँगने केले. तोंडी आदेशाचा कागद नसतो.

४. मंडळाने १९८५ सालचे लिंबटेक रोड स्थानक एकास सत्याऐंशी या प्रमाणात बनवले आहे. साताऱ्याचे निवृत्त सुभेदार जयराज शिर्के यांनी दोन वर्षे खपून रूळ टाकले. त्यात टेबल स्थानकाच्या पश्चिमेला दाखवले होते. आयटीआयमध्ये आरेखन शिकवणाऱ्या श्रीमती संयोगिता मोहिते यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. इंजिनांची शेड पूर्वेला आणि टेबल पश्चिमेला, म्हणजे प्रत्येक वेळी इंजिनाने मुख्य मार्ग दोनदा ओलांडायचा. "कुठल्या शहाण्यानं असं बांधलं असंल?" असे त्यांचे शब्द होते. यावर तीन रविवार वाद झाला. सुभेदार म्हणाले, "मॅडम, छापून आलंय. आता काय पेपरवाल्याशी भांडू?" पेपरवाला शेजारीच बसला होता. तो अर्जदार. कात्रण त्यानेच पुरवले होते आणि वाद मिटला याचे त्याला समाधान वाटले होते.

याच ऑक्टोबरात तासगावला मांडलेल्या प्रदर्शनात एक वृद्ध गृहस्थ आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी सगळे स्थानक दोनदा पाहिले. मग म्हणाले, "समदं बराबर केलंय गड्या. पर पाण्याच्या टाकीच्या जाग्यावर टेबल का ठिवलंसा?"

सुभेदारांनी अभिमानाने अर्जदाराकडे बोट दाखवले आणि बातमी यांची असल्याचे सांगितले. ते गृहस्थ अर्जदाराकडे वळले. "मंजी तुमीच ते व्हय," एवढेच बोलून त्यांनी समोरचा चहा घेतला, कप जागेवर ठेवला आणि निघून गेले. ते श्री. आप्पासाहेब खरात होते.

५. आता जे लिहायचे टाळले होते ते. आपल्या दि. १२ च्या उत्तरात असे म्हटले आहे की, "सदर टेबल पूर्वीच भंगारात काढण्यात आल्याचे सोबतच्या वृत्तपत्रीय कात्रणावरून दिसून येते. सबब उत्खननाचे प्रयोजन उरत नाही." ते कात्रण अर्जदाराच्या बातमीचे आहे. त्या बातमीत तीन विधाने आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत.

दि. ११ मार्च १९९५ रोजी अर्जदार मिरजेच्या बातमी कार्यालयात होता. पान सायंकाळी सहाला छपाईला सुटायचे. जिल्हा पानावर अर्धा स्तंभ मोकळा होता. त्याच दुपारी मिरजेच्या फलाटावर भेटलेल्या मुकादम खरातांनी त्याला सांगितले होते, "आवं पत्रकार, टेबल गेलं गेलं म्हणत्यात, ते खोटं हाय. हाय तितंच हाय. या दावतो." लिंबटेकला जायला दोन तास लागले असते. अर्जदाराने पाच चाळीसला एका गृहस्थांना फोन केला. त्यांनी टेबल भंगारात गेल्याचे ऐकीव सांगितले आणि जागा विचारल्यावर पश्चिमेचा गोल खड्डा सांगितला. तो पाण्याच्या टाकीच्या पायाचा होता. गोल असल्यामुळे कोणालाच शंका आली नाही. पाच पंचावन्नला बातमी गेली. शेवटची ओळ अशी : "टेबल जागेवरच असल्याचा एका कर्मचाऱ्याचा दावा आहे, मात्र त्यात तथ्य नसल्याचे समजते." ही ओळ अर्जदाराने जागा भरण्यासाठी घातली. कोणाकडून समजले, हे त्याने लिहिले नाही, कारण ते कोणाकडूनच समजले नव्हते.

६. पुढे काय झाले ते अर्जदाराला या ऑक्टोबरात कळले. बातमी वाचून चौकशी लागली. टेबल नोंदीत होते, भंगार विक्रीच्या कागदात नव्हते. मग इतके लोखंड गेले कुठे? संशय टेबल बुजवणाऱ्या गँगच्या मुकादमांवर आला. नव्याने बदलून आलेल्या चौकशी अधिकाऱ्यांनी बातमी हातात धरून पश्चिमेचा खड्डा तीन दिवस खणवला. काही निघाले नाही. मुकादम पूर्वेची थप्पी दाखवत राहिले. जबाबात नोंद झाली, "सदर इसम वेळोवेळी जागा बदलून सांगत आहे." त्यांनी जागा एकदाही बदलली नव्हती. जागा बातमीने बदलली होती.

चौदा महिने निलंबन. मग "संशय सिद्ध होत नाही" या शेऱ्यावर कामावर परत. निर्दोष असा शब्द कुठेही नाही. गावात ते टेबलवाले आप्पा झाले. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हमखास म्हणे, "आप्पा, इंजिन तेवढं ठिवलंसा म्हणून बरं!" त्यांच्या पत्नी बनाबाई स्टेशनचा रस्ता सोडून शेतातल्या वाटेने बाजाराला जात. त्या सहा वर्षांपूर्वी वारल्या. शेवटपर्यंत त्या वाटेनेच गेल्या.

७. प्रदर्शनानंतर दहा दिवसांनी अर्जदार, सुभेदार आणि श्रीमती मोहिते हे श्री. खरात यांना घेऊन त्या जागी गेले. स्लीपर कधीच उचलले गेले आहेत. मोठी लाइन झाली तेव्हा मार्ग उत्तरेला सरकला, म्हणून एवढा तुकडा पडीक राहिला. श्री. खरात, वय ८६, बाभळीपासून पावले मोजत आले, थांबले आणि काठी टेकली. सुभेदारांनी तिथे सळई ठोकली. फूटभर खोलीवर लोखंड वाजले. श्रीमती मोहिते यांनी भोवती अकरा ठिकाणी सळई घातली, नऊ ठिकाणी लागले, आणि ते नऊ बिंदू कागदावर जोडले तर एक वर्तुळ होते. अर्जदाराने एका ठिकाणी खुरप्याने राख काढून खड्ड्याच्या कडेचा गोल वाकवलेला रूळ हातभर उघडा केला. रेल्वेच्या जागेत परवानगीशिवाय खणले, हा त्याचा गुन्हा असल्यास तो मान्य आहे. त्यासाठी होणाऱ्या कारवाईत निदान ती जागा कोठे आहे हे तरी लिहिले जाईल.

श्री. खरात त्या रुळावर हात ठेवून बसले. अर्जदाराने माफी मागितली. ते म्हणाले, "माफीचं काय करू मी? कागुद करा. कागदानं गेलंय, कागदानंच आलं पायजे."

८. म्हणून विनंती अशी. भराव आठ दिवस थांबवावा आणि टेबल उघडून त्याचा पंचनामा व्हावा. आठ दिवस अशक्य असतील तर एक दिवस द्यावा. एक दिवसही नसेल तर आपण स्वतः यावे, हातात सळई घ्यावी आणि जे वाजेल ते लिहून द्यावे. त्यास दहा मिनिटे लागतात. टेबल मंडळाला मिळावे, संग्रहालय व्हावे, असे पूर्वीच्या अर्जांत लिहिले होते. त्या सर्व मागण्या अर्जदार सोडत आहे. पंचनाम्यानंतर मुरूम टाकला तरी त्याची हरकत नाही, सुभेदारांची आहे, पण ती त्यांनी मागे घेतली आहे.

९. आपल्या कार्यालयात अर्जदार काल चार तास आणि आज पाच तास बसला. "साहेब दौऱ्यावर हायत, आवक-जावकला द्या," असे सांगण्यात आले. दौरा कोठे आहे ते कळल्यास अर्जदार तेथे येईल. हा अर्ज उपोषणाचा इशारा देत नाही. केवळ माहितीस्तव कळवतो की, उद्या गुरुवारी सकाळपासून श्री. खरात मधल्या खुंटावर घरची खुर्ची टाकून बसणार आहेत. त्यांना अर्जदाराने नको म्हटले. त्यावर ते म्हणाले, "तीस वर्सं मी तुमचं छापल्यालं ऐकलं. आता बसू द्या." अर्जदार शेजारी उभा राहील.

कळावे, आणि शक्यतो उद्याच कळवावे.

आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावरून,
आपला नम्र,
(सही)
धैर्यशील बाबूराव निकम
लिंबटेक रोड, बुधवार, दि. १९ नोव्हेंबर २०२५, सायं. ५.४०

सोबत :
१) श्रीमती मोहिते यांनी काढलेला नऊ बिंदूंचा नकाशा.
२) उघड्या रुळाची छायाचित्रे, तीन.
३) श्री. खरात यांचा दि. २ मे १९९५ चा जबाब. (मूळ प्रत त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपली आहे, ती देत नाहीत. झेरॉक्स जोडली आहे.)
४) खालील मजकूर. संबंधित दैनिकाने इतक्या जुन्या बातमीसाठी जागा नसल्याचे कळवल्याने तो येथे प्रथमच प्रसिद्ध होत आहे. आपल्या उत्तरासोबतच्या कात्रणाला तो टाचावा :

चूक दुरुस्ती. दि. १२ मार्च १९९५ च्या अंकातील लिंबटेक रोडच्या बातमीत 'पश्चिमेला' ऐवजी 'पूर्वेला' असे वाचावे. 'भंगारात काढले' ऐवजी 'जागेवर आहे' असे वाचावे. 'एका कर्मचाऱ्याचा' ऐवजी 'मुकादम आप्पासाहेब सिद्धू खरात यांचा' असे वाचावे. 'त्यात तथ्य नसल्याचे समजते' ही ओळ वार्ताहराने पदरची घातली होती, ती वाचू नये.