खडीच्या रस्त्याचे टायर

कांगास मळा, मिशिगन
६ ऑक्टोबर २००९

चि. अर्वोस,
अ. आ.

सोबत वेलदोड्याचा पाव पाठवलाय. तुझ्या त्या वाळवंटात पोचेपर्यंत त्याची वीट होणार, हे मला ठाऊक आहे. कॉफीत बुडवून खा आणि तक्रार करू नकोस. बटाटे निघाले, सफरचंदं यंदा किडली, आणि मी ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पत्राच्या शेवटी तेच शोधत बसणार नाहीस.

तुझा मेव्हणा उर्हो मे महिन्यात गेला तेव्हा बर्फाचा विचार कोण करतंय? आता सकाळी गवतावर पांढरं दिसतं आणि दुसरं काही सुचत नाही. मोठी सडक परगण्याची माणसं साफ करतात, पण सडकेपासून घरापर्यंतचा आपला चढ ज्याचा त्यानेच मोकळा करायचा. इतकी वर्षं तो उर्होने केला. ट्रॅक्टर मला चालवता येतो. एवढुसा तर आहे, आणि आपल्या बाबांच्या घोड्यापेक्षा पुष्कळ समजूतदार आहे. पण मागचे टायर पार गुळगुळीत झालेत. पुढच्या वर्षी बघू, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत तुझा मेव्हणा त्यांच्यावरच रेटत राहिला.

क्रिस्टीने मला बजावलंय. लेक माझीच, पण बोलते सासूसारखी. म्हणाली, या हिवाळ्यात एकदा जरी रस्ता बंद होऊन तू वर अडकलीस, तर वसंतात घर विकायचं आणि तू मुकाट्याने माझ्याकडे मिनिआपोलिसला यायचं. मी कबूल केलं. तिचाही जीव तिकडे टांगणीला असतो, नाही कशी म्हणू? मी कुठे राहीन याची मला काळजी नाही, माणूस कुठेही मावतं. पण हे घर गेलं तर तू येशील कुठे? तुला इथे आलेला बघायचंय मला, अर्वो. त्यासाठीच घर धरून बसलेय.

तर मुद्द्याचं. लाहतीच्या दुकानात तीन तऱ्हेचे टायर आहेत. शेतातले उंच दातांचे, मधल्या जाड ठोकळ्यांचे, आणि हिरवळीवर चालवायचे रुंद चपटे. तिन्ही उत्तम असं तो म्हणतो. दुकानदार दुसरं काय म्हणणार? तू सांगशील ते घेईन.

कळावे. लोभ आहे हे मला माहीत आहे, पण दोन ओळींतून तो दिसूही दे.
तुझी सायमाताई


युमा, ॲरिझोना
१९ ऑक्टोबर

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

पावाची वीट पोचली. पहिला तुकडा कोरडाच खाल्ला, आईच्या ओट्याजवळ उभं राहून खायचो तसा. मग दातांची आठवण झाली आणि कॉफीकडे वळलो.

टायरचं विचारलंस, बरं वाटलं. इथे मला कोणी काही विचारत नाही. शेजारी भेटले की उकाड्याचं बोलतात आणि डॉक्टर भेटला की माझ्या छातीचं. खाणीची धूळ आत बसलीय, ती कुठे जात नाही, आणि थंड हवा या फुप्फुसांना चालणार नाही, हेच त्याचं पालुपद. मी मान डोलावतो आणि मनात विचार करत असतो, घरी पहिलं बर्फ पडलं असेल का.

ऐक. उंच दातांचे शेतातले घ्यायचे. डोळे मिटून घे. आपला चढ मला पाठ आहे. टपालपेटीपासून वळणापर्यंत बाबांनी आणि मी हातगाडीने आणून टाकलेली खाणीची खडी. वळणावर उजवीकडे झऱ्याचं पाणी, ते जानेवारीतही गोठत नाही आणि तिथली माती लोण्यासारखी होते. त्याच्यापुढे भोज वृक्षाखाली वारा बर्फाचा ढीग घालतो, कमरेएवढा. अशा ठिकाणी दात खडीत रुतले पाहिजेत. चपटे टायर म्हणजे बायकांच्या सपाता, तिथे गोल गोल फिरत बसतील. आणि टायरमध्ये बीटचा रस भरून घे, हसू नकोस, तो गोठत नाही आणि चाकाला वजन येतं.

दुपारी इथे बाहेर पाय ठेववत नाही. मी पडून राहतो आणि तो चढ चढतो. रोज. टपालपेटीपासून सुरुवात करतो, पायाखाली खडी करकरते, आणि वर पोचेपर्यंत एकदाही दम लागत नाही. मग कूस बदलली की नळीतला ऑक्सिजन सुसू करताना ऐकू येतो. मला घरी यायचंय, ताई. घर राख.

इथल्या उन्हात लोभ करपत नाही, तेव्हा तुझाही गोठू नये, ही विनंती.
तुझा अर्वो


कांगास मळा
२९ नोव्हेंबर

चि. अर्वोस,
अ. आ.

आधी हे वाच: मी धडधाकट आहे. गुडघा निळा झालाय, बाकी काही नाही.

तू सांगितलेस तेच टायर घेतले. बीटचा रसही भरला. नाताळच्या जेवणात वाढते त्याहून जास्त बीट आता ट्रॅक्टरच्या पोटात आहे. पहिल्या दोन बर्फांना सगळं झकास झालं आणि मी मनातल्या मनात तुझी पाठ थोपटली. मग परवा पाऊस पडला आणि वर लगेच गारठा. सकाळी पुढचं फावडं भरून वळणावरून खाली निघाले आणि ट्रॅक्टर माझं ऐकेचना. ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण ट्रॅक्टर काही थांबला नाही. आडवा होऊन सरळ टपालपेटीवर गेला. पेटीची पोळी झाली. फावडं खांबाला अडकलं म्हणून सडकेवर गेले नाही, नाहीतर तेव्हाच लाकडांचा ट्रक येत होता.

टपालवाल्याने ते पाहिलं, म्हणजे गावाने पाहिलं. संध्याकाळी क्रिस्टीचा फोन. मी वाद घातला की रस्ता काही बंद झाला नव्हता, मी त्याच्यावर फक्त जरा जोरात आले. ती हसली नाही. रडली. म्हणाली, आता पुन्हा असं काही कानावर आलं तर वसंताचीही वाट बघणार नाही. तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

अर्वो, रस्ता डांबरी आहे रे. उर्होच्या कमरेचं ऑपरेशन झालं त्या उन्हाळ्यात केला. मी तुला कळवलं होतं आणि, बरं केलंत, म्हातारा आता ठेचकाळायचा नाही, असं तू लिहिलंही होतंस. झऱ्यावर नळी टाकून पाणी खालून काढलंय. भोज वृक्ष मागच्या वादळात गेला. त्या डांबरावर गोठलेल्या पाण्यात दात रुतणार कशात?

तुझ्यावर खापर फोडत नाही. तुझं पत्र वाचता वाचता मलाच खडी दिसायला लागली. दुकानात लाहतीने सरळ विचारलं होतं, रस्ता कसला आहे. रोज त्यावरून जाणारी मी, म्हणाले, खडीचा. तोंडातून तेच गेलं.

आता काय करू ते सांग. लवकर सांग, नाताळ जवळ आला. रागावलास तर रागाव, पण लोभाच्या पेटीला कुलूप नको. खरी पेटी मी मोडलीच आहे.
सायमाताई


युमा
८ डिसेंबर

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

दोन पत्रं लिहिली आणि फाडली. एक तुझ्यावर रागावून, एक उर्होवर. मेलेल्या माणसाशी भांडायला दम फार लागतो.

तू ट्रकखाली जाता जाता राहिलीस. माझ्या शहाणपणापायी. डांबराचं तू लिहिलं होतंस, मला आता आठवतंय. मी वाचलं, बरं म्हणालो, आणि दुपारी पडल्या पडल्या पुन्हा खडीवरूनच चालत गेलो. डांबर झालं म्हणजे बाबांची हातगाडी गेली, असं वाटत असेल. ती कधीच गेलीय. खडीवर चालणारा तो पोरगाही गेला. एवढं समजायला तुझा गुडघा फुटावा लागला, याची लाज वाटते.

मग काल शेजारच्या दुकानाबाहेरच्या डांबरावर उभा राहिलो, उघड्या डोळ्यांनी, आणि आपल्या चढावर हेच आहे असं मनाला सांगितलं. आता माझं ऐक. चपटे रुंद टायर घे. हो, हिरवळीचेच, सपाताच. कडक गुळगुळीत जमिनीवर दाताची फक्त टोकं टेकतात. रुंद टायर सगळा पंजा टेकतो आणि त्याच्या बारीक खाचा दाबलेलं बर्फ धरतात. पण नुसत्या गोठलेल्या पाण्यावर कुठलंच रबर टिकत नाही, म्हणून मागच्या दोन्ही चाकांना साखळ्या. साखळ्या बांधल्यावर थोडं चालव, उतर, आणि पुन्हा ताण. हे विसरायचं नाही. उतारावर ब्रेक नाही, लहान गिअर. आणि चढ वरून खाली नव्हे, खालून वर साफ कर. फावडं भरून उतरायचं नाही.

बाबा असते तर हिरवळीचे टायर बघून पोट धरून हसले असते. हसू देत.

छातीचं विचारू नकोस. यंदा येत नाही, एवढंच कळव सगळ्यांना. नाताळला आईबाबांच्या आणि उर्होच्या थडग्यांवर माझ्या वाटची मेणबत्ती लाव.

लोभ आहे तसाच राहो, त्यावर तरी डांबर घालू नकोस.
अर्वो


कांगास मळा
२७ डिसेंबर

चि. अर्वोस,
अ. आ.

नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत आभाळ नुसतं ओतत होतं. सरोवरावरचा वारा इतका, की गोठाही दिसेना. क्रिस्टी मिनिआपोलिसहून निघाली होती आणि तिची गाडी चढाखाली पोचेल तेव्हा चढ मोकळा नसेल, तर सगळं तिथेच संपलं होतं. साखळ्या बांधल्या, थोडं चालवलं, उतरले, पुन्हा ताणल्या. एका कडेने हळूहळू खाली गेले आणि खालून वर साफ करत आले. पुन्हा खाली, पुन्हा वर. वळणावर चाक एकदा सरकलं. मग साखळीने धरलं. तुझ्या सपातांनी मला सोडलं नाही.

क्रिस्टी आली ती सरळ दारात. बूट काढले, मला घट्ट धरलं, आणि भाताची खीर लागलीय का बघ म्हणाली. लागली होती.

अंधारायच्या आत दोघी कबरस्तानात गेलो. आई, बाबा आणि उर्हो. बर्फ उकरून मेणबत्त्या लावल्या. सगळी टेकडी लुकलुकत होती. तुझी बाबांजवळ लावली. वाऱ्याने ती दोनदा विझली आणि क्रिस्टीने ती पुन्हा पुन्हा लावली. परतताना मला म्हणाली, आता पुढच्या हिवाळ्यालाच बघू. तिचा बाप असाच बोलायचा.

आता तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवलीय. उंच दातांचे टायर मी परत केले नाहीत. चपटे टायर लाहतीने दुसऱ्या रिंगांवर चढवून दिले, आणि तुझी चाकं गोठ्याला टेकून उभी होती. काल तो कॉफीला आला तेव्हा त्याने आणि क्रिस्टीने मिळून ती बसवली. बीटच्या रसाच्या वजनाने दोघांच्या कमरेचं भजं झालं. मग मी वळणावरून डावीकडे वळले. सरोवराकडे, आपल्या सौनाकडे, त्या वाफेच्या न्हाणीघराकडे जाणारी वाट. तिला कोणी डांबर घातलेलं नाही, अर्वो. बाबांची आणि तुझी खडी आहे तशीच आहे. दात खाली पोचले आणि करकरले.

संध्याकाळी सौना तापवला. वरच्या बाकावर तुझी जागा सोडून बसलो.

ही वाट मी मोकळी ठेवणार आहे. रिकाम्या वाटेचं बर्फ कशाला काढतेस, असं टपालवाला विचारून गेला. त्याला म्हटलं, भाऊ यायचाय.

लोभ करावा, आणि जमेल तसं यावं.
सायमाताई


युमा
१० जानेवारी २०१०

ती. सायमाताईस,
सा. न. वि. वि.

मोठं पत्र आता होत नाही. हात लवकर थकतो.

आज दुपारी पडलो आणि निघालो. टपालपेटी नवी होती. चढावर डांबर होतं, म्हणून काठी घेतली होती. दोनदा थांबून दम खाल्ला. भोज वृक्ष नव्हता, तिथे नुसतंच आभाळ. वळणावर डावीकडे तुझ्या चाकांचे दात उमटलेले दिसले. त्यांच्यावर पाय ठेवत ठेवत गेलो. खडी करकरत होती.

सौनाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ऊब होती.

लोभ होताच, तो पोचला.
अर्वो